बरक्या फणसाची सर्दी

मानवाने निसर्गावर अखेरचा विजय पुन्हा एकदा मिळवला तो एका मंगळवारी. अग्नी, चाक, वीज अशा पायऱ्या चढत आलेली माणसाची बुद्धी आता अशा शिखरावर पोचली होती, की झाडाला होणारा रोग झाडाच्याही आधी माणसाला कळू लागला होता. हा विजय सकाळच्या उन्हात आमच्या कोंडतिवरे गावावरून उडत उडत आला, चारुशीला पेडणेकरांच्या अंगणात उतरला आणि कपडे वाळत घालायच्या दोरीत अडकला.

"अण्णा, जरा येता का?" कुंपणापलीकडून चारुशीलाबाईंनी मला हाक मारली. "सरकार माझ्या परकरात गुंतलंय."

मी गेलो. जेवणाच्या ताटाएवढं ते यंत्र परकराच्या नाडीत पाय अडकवून घरघरत होतं. तारेत अडकलेली कोंबडी सोडवावी तसं बाईंनी ते सोडवलं. त्याने एक गिरकी घेतली, पुढची नळी लांब केली, अंगणातल्या कापा फणसाचं खोड हुंगलं आणि लग्नपत्रिका वाचावी अशा आवाजात म्हणालं, "नमस्कार. आपल्या आवारातील फणसास काळखोड रोगाची लागण झालेली आहे. पंधरा दिवसांच्या आत वृक्ष काढण्यात येईल. आपला दिवस आनंदात जावो." मग खोडावर एक लाल बिल्ला चिकटवून ते पुढच्या घराकडे गेलं.

"आनंदात जावो म्हणाला ना तो?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मला वाटलं मलाच नीट ऐकू आलं नाही."

या यंत्राचं कागदोपत्री नाव गंधवेधी. गाव त्याला नाक्या म्हणे. काळखोड ही एक बुरशी आहे. ती सालीखाली शिरते आणि आतल्या आत खोडाला वेढा घालत जाते. वेढा पुरा झाला की झाडाचं पाणी तुटतं आणि उभं झाड वाळतं. साल काळी पडून डिंक गळेपर्यंत माणसाला पत्ता नसतो. पण बुरशी लाकूड खाताना एक विशिष्ट वाफ सोडते, आणि नाक्याला ती वीस हातांवरून कळते. कळली की वृक्षारोग्य प्राधिकरण झाड पाडून, जाळून, राख पुरून मोकळं होतं. आजारी झाड राहिलंच नाही तर आजार राहणार कुठे, असा त्यामागचा विचार. विचारात चूक काढता येत नाही. हाच उपाय माणसांना लावला असता तर सगळे दवाखाने आजवर बंद करता आले असते.

माझा फणस मागल्या वर्षीच गेला. बदल्यात प्राधिकरणाने एक रोप आणि एक प्रमाणपत्र दिलं. रोप बकरीने खाल्लं. प्रमाणपत्र तिने हुंगलं आणि सोडून दिलं.

पेडणेकरांकडे मात्र दोन फणस होते. पुढच्या अंगणातला कापा, कडक गऱ्यांचा, घरंदाज. मागे न्हाणीघराशी बरका, बुळबुळीत गऱ्यांचा, तो खाताना माणूस सभ्य दिसू शकत नाही. पेडणेकरांच्या घरात बरक्याला मान नव्हता. चारुशीलाबाई नव्या नवरी असताना माहेराहून आलेला बरका न्हाणीघरामागे उभं राहून चोरून खात आणि आठळ्या तिथेच टाकत. त्यातलीच एक रुजली. सासूबाईंनी दोनदा ते रोप उपटायला सांगितलं, बाईंनी दोनदा हो म्हटलं. आता त्या झाडाला कवेत घ्यायला दोन माणसं लागत.

आणि हा बरका दीड वर्षं आजारी होता. साल काळी पडली होती, डिंक गळला होता, आणि नाक्याला त्याचा पत्ता नव्हता. कारण बाईंनी झाडाखाली बांबूची मांडवी घालून तिच्यावर सुके बोंबील पसरून ठेवले होते. बाजारातून आणायचे, उन्हं द्यायची, खाल्ले की नवे पसरायचे. नाक्या यायचा, नळी पुढे करायचा, दोन वेळा गचके खायचा आणि उलट्या पावली परत जायचा. यंत्र जिथे घडलं तिथल्या कोणी बोंबील वाळत घातलेल्या अंगणात कधी श्वास घेतलेला नसावा.

"तुम्ही रोग लपवताय," मी एकदा म्हणालो होतो.

"मी बोंबील वाळवतेय," त्या म्हणाल्या. एसटीच्या डेपोत तीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढल्यामुळे वस्तुस्थिती कशी सांगावी हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कापा सापडला त्या संध्याकाळी बाईंनी मला बोलावून घेतलं आणि लेकीला फोन लावला. सानिका पुण्याला बुरशींवर संशोधन करते. दिवाळीत आली असताना ती बरक्याच्या सालीचा एक तुकडा घेऊन गेली होती. पडद्यावर तिचा चेहरा दिसला तेव्हा तिचा उत्साह लपत नव्हता.

"आई, मीच फोन करणार होते. बरक्याच्या बुरशीला सर्दी झालीय."

"कुणाला?"

"बुरशीला. माणसाला विषाणू लागतो ना, तसा बुरशीलाही लागतो. तिला मारत नाही, नुसती मरगळ आणतो. ती खायची थांबत नाही, पण इतकी सावकाश खाते, की झाडाला जखम भरून काढायला वेळ मिळतो. बरक्याच्या जखमेच्या कडा फुगल्यात का बघ."

आम्ही तिघं कंदील, म्हणजे मोबाइलचे दिवे, घेऊन मागे गेलो. तिसरे हेमंतराव, बाईंचे यजमान, अतिशय सरळ मनुष्य. काळ्या जखमेभोवती खरोखरच नव्या सालीची जाड, फिकट कड आली होती. भाकरीची कड फुगते तशी.

"मग हीच सर्दी काप्याला लावायची," बाई म्हणाल्या.

"लावता येईल. बरक्याच्या आजारी सालीच्या चकत्या काढायच्या, काप्याच्या जखमेभोवती भोकं पाडून त्यात बसवायच्या आणि वर मेण लावायचं. दोन्ही बुरश्यांचे धागे एकमेकांना भेटले, की जुळून एक होतात आणि विषाणू इकडून तिकडे जातो. पण एक अट आहे. धागे फक्त सख्ख्या बुरशीशी जुळतात. परकी भेटली तर दोघी तिथल्या तिथे मरतात, पण एक होत नाहीत."

"भावकीतच सोयरीक," हेमंतराव म्हणाले. "आपल्याहून उलटं."

"म्हणून माझ्या प्रयोगशाळेतली बुरशी तिकडे चालणार नाही, बाबा. तिकडचं औषध तिकडच्याच आजारी झाडात मिळणार. आणि सर्दी लागायला वर्ष-दीड वर्ष जातं. पंधरा दिवसांत पाडलेल्या झाडाला ती कुठून लागणार? त्या पट्ट्यात मला एकच झाड सापडलंय, जे तेवढं जगलं. ते आपलं न्हाणीघरामागचं आहे."

ज्या झाडाला या घरात पाहुण्यांसमोर कोणी नावाने हाक मारत नसे, त्याच्या खोडात सबंध तालुक्याच्या फणसांचा जीव होता.

"शौनकरावांना सांगते मग," बाई म्हणाल्या.

"नको," सानिका घाईने म्हणाली. "त्याला कळलं की त्याला लिहावं लागेल. नियम वाकवणं त्याला जमत नाही. मी पाहून घेतलंय लग्नाआधी."

शौनक कोतवडेकर हे सानिकाचे यजमान, पेडणेकरांचे एकुलते एक जावई आणि आमच्या तालुक्याचे वृक्षारोग्य अधिकारी. रविवारी ते सासुरवाडीला येणार होते, कारण शनिवारी अधिक महिना लागत होता. अधिकात जावयाला धोंडे जेवायला बोलवायचं, त्याला अनारशांचं वाण द्यायचं, नमस्कार करायचा. इतर वेळी सासूसमोर अवघडून बसणाऱ्या माणसाला या महिन्यात विष्णूचा दर्जा मिळतो, त्यामुळे तो आणखीच अवघडतो. सानिकाला बेंगळुरूला बैठक होती, तेव्हा विष्णू एकटेच येणार होते. ते येऊन जेवून गेले, की सोमवारी भोकं पाडायचं गिरमिट घेऊन झाडाला लागायचं, असं बाईंनी ठरवलं.

आणि शनिवारी सकाळी हेमंतरावांनी अंगण शुचिर्भूत केलं.

हेमंतराव वर्षभर देवाच्या वाटेला जात नाहीत. पण अधिक महिना म्हटला की घरात मासळीचा वासही चालत नाही. बाई अनारशांचं पीठ मळत होत्या तोवर त्यांनी बोंबील पोत्यात भरून माझ्या पडवीत आणून ठेवले, मांडवी धुतली, जमिनीवर गोमूत्र शिंपडलं आणि वर बरक्याच्या बुंध्याशी धूप लावला. दुपारी नाक्या आला. दीड वर्षात पहिल्यांदा त्याला त्या कोपऱ्यात मोकळा श्वास घेता आला.

"आपला दिवस आनंदात जावो," हे मला माझ्या पडवीपर्यंत ऐकू आलं.

त्यावर बाई हेमंतरावांना काही बोलल्या नाहीत. त्या न बोलण्याचा आवाज मात्र मला संध्याकाळपर्यंत येत होता.

लपवलेला आजार सापडला की त्या आवारातल्या कुठल्याच झाडाला पंधरा दिवसांची मुदत नसते. रविवारी शौनकराव आले ते दोन्ही झाडांचा आदेश घेऊन, आणि ट्रक वळणावर उभा करून. मलाही जेवायला बोलावलं होतं, तेव्हा पुढचं सगळं मी पाटावरून पाहिलं.

दाराशी चपला काढतानाच ते म्हणाले, "आई, मला जेवता येणार नाही."

"पोट बिघडलंय?"

"आदेश निघालेल्या घरी अधिकाऱ्याने अन्न किंवा भेटवस्तू घ्यायची नाही, असा नियम आहे."

"हे वाण आहे, भेटवस्तू नव्हे. त्यात दिवा लावलाय. भेटवस्तूत कोणी दिवा लावतं?"

"आई, मला खरंच वाईट वाटतंय."

"वाटू दे. बसून वाटू दे. उभ्याने पाय दुखतात."

ते बसले. समोर पुरणाचे धोंडे, तुपाची वाटी, ताम्हणात रचलेले जाळीदार अनारसे. त्यांनी हात मांडीवरून हलवला नाही. चष्म्याआडून ताटाकडे बघणाऱ्या त्या तरुण माणसाची मला दया आली. माझं ताट मी तोवर निम्मं संपवलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं," ते अखेर म्हणाले. "दीड वर्ष."

"होतं."

"देवराईच्या वाडीत एकाने असंच झाड लपवलं होतं. एकच. त्याच्यापायी खालचं अख्खं आगर गेलं. तिथल्या बायकांनी मला विचारलं, तुम्ही आधी का आला नाहीत. मी काय सांगणार होतो? प्रत्येक घरात मला हेच ऐकू येतं, की आमचं झाड बरं होईल."

हे खरं होतं, आणि बाईंनीही ते खोडलं नाही. मागच्या वर्षी माझा फणस पाडायला आले होते तेव्हा हाच मनुष्य करवतीचा आवाज थांबेपर्यंत माझ्याजवळ उभा होता.

"बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाल्या. "आता मला सांगा, एवढी झाडं पाडलीत. रोग थांबला?"

"मंदावलाय."

"डेपोत आम्ही त्याला 'गाडी थोड्याच वेळात सुटेल' म्हणायचो."

त्यांना घेऊन त्या मागे गेल्या. आम्ही मागोमाग. बाईंनी सानिकाने सांगितलं ते सगळं सांगितलं, एकही शब्द न वगळता. विषाणू, धागे, सोयरीक, आणि नवऱ्याला सांगू नकोस म्हणाली तेही. ते शेवटचं ऐकताना शौनकरावांचे कान लाल झाले. मग त्यांनी वाकून जखमेवर अंगठा ठेवला आणि नव्या सालीच्या कडेवरून तो हळूहळू फिरवत राहिले. मला वाटतं, त्यांनी इतकी झाडं पाहिली, पण बरं होणारं एकही पाहिलं नव्हतं. त्यांना ते पाहायला कोणी वेळच दिला नव्हता.

"हे भरतंय," ते म्हणाले.

"हो."

"पण माझ्याकडे हे लिहायला रकाना नाहीये, आई. 'लागण आहे' आणि 'लागण नाही', दोनच आहेत."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पडद्यावर प्राधिकरणाचे उपसंचालक चौगुलेसाहेब होते, रविवार असून टाय लावलेले.

"कोतवडेकर, ट्रक तासभर उभा आहे. अंगठा द्या आणि मोकळे व्हा."

करवतींना कुलूप असे. एका गावात फणसाच्या नावाने कोणीतरी साग पाडून नेल्यापासून अधिकाऱ्याचा अंगठा उमटल्याशिवाय करवत सुरूच होत नसे. शौनकरावांनी "पाच मिनिटं, सर" म्हणून चालू फोन पुढच्या अंगणात तुळशीच्या कट्ट्यावर नेऊन उभा ठेवला आणि ते परत मागे आले.

तोवर बाई घरात जाऊन आल्या होत्या. हातात गिरमिट, पदर खोचलेला, अंगावर वाणासाठी नेसलेली पैठणी. त्यांनी बरक्याच्या काळ्या सालीला गिरमिट लावलं आणि फिरवायला सुरुवात केली.

"आई, काय करताय?"

"औषध काढतेय."

"दोन्ही झाडं आज जाणार आहेत. उपयोग काय त्याचा?"

"मरणाऱ्याच्याही तोंडात आपण पाणी घालतो, शौनकराव. उपयोग विचारून घालतो का? तुम्ही तुमचं काम करा, मी माझं करते. बघू कुणाचं आधी होतंय."

नाण्याएवढ्या चकत्या ताम्हणात पडू लागल्या. अनारसे हेमंतरावांनी निमूटपणे केळीच्या पानावर काढून ठेवले होते. ताम्हण घेऊन बाई पुढच्या अंगणात आल्या, काप्याला शिडी लावली आणि वर चढल्या. काप्याची जखम उंचावर होती, नुकती कुठे काळवंडू लागलेली. शिडी मी धरली होती. वरून गिरमिटाचा भुसा आणि चीक माझ्या टकलावर पडत होता. दुसऱ्या भोकाला बाईंचं गिरमिट अडकून बसलं. वय सत्तरीला टेकलेलं, पैठणी पायात येत होती, आणि काप्याचं लाकूड काप्यासारखंच ताठ.

"उतरा खाली," शौनकराव म्हणाले.

"नाही उतरत."

"आई, तुम्ही पडलात तर सानिका मला घरात घेणार नाही. उतरा. मी करतो."

हे त्यांच्या तोंडून निघालं आणि त्यांनाच ऐकू आलं, असं मला खालून दिसलं. पण ते मागे सरले नाहीत. बाह्या दुमडून वर चढले, गिरमिट घेतलं आणि भोकं पाडू लागले. बाई खालून एकेक चकती देत, ते ती अंगठ्याने दाबून बसवत, वर मेण लावत. जखमेभोवती हळूहळू एक कडं तयार झालं. बुरशीने झाडाला घातलेल्या वेढ्याला दुसरा वेढा. कोपरापर्यंत चीक ओघळत होता. फणसाचा चीक ज्याच्या हाताला लागलाय त्यालाच ठाऊक, की तो पाण्याने जात नाही, साबणाने जात नाही आणि विनवण्यांनीही जात नाही.

ते खाली उतरले तेव्हा चौगुलेसाहेब कट्ट्यावरून पाहत होते. किती वेळ, कोण जाणे.

"कोतवडेकर, हे काय चाललंय? अंगठा द्या."

"सर, हाताला चीक लागलाय. यंत्राला ठसा वाचता येणार नाही."

"मग पुसा. तेल लावा. कोकणात आहात ना? घरात खोबरेल नाही?"

"नाही," हेमंतराव म्हणाले.

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो. परसात नारळाची रांग उभी होती, स्वयंपाकघरात घाण्यावरून काढून आणलेला डबा होता, आणि अधिक महिन्याचा दुसराच दिवस होता. आयुष्यात कधी खोटं न बोललेल्या त्या माणसाने जागेवरून न हलता पुन्हा सांगितलं, "थेंबभर नाही."

तिथेच ते निभावलं असतं. चीक वाळेपर्यंत संध्याकाळ झाली असती, ट्रकवाले कंटाळून गेले असते, आणि सोमवारी सोमवारचं पाहिलं असतं. पण शौनकरावांना नियम वाकवणं जमत नाही, हे त्यांच्या बायकोने नीट पारखलं होतं. वाकवण्याची सवय नसलेला माणूस नियम एकदम मोडतोच.

"सर, घरात तेल आहे," ते म्हणाले. "डबाभर आहे. अंगठा उमटत नाही म्हणून नाही. मी तो देत नाहीये."

"काय म्हणालात?"

"ही दोन झाडं मी माझ्या जबाबदारीवर ठेवून घेतोय. पावसाळा संपल्यावर जखमा तपासू. औषध लागू पडलं नाही, तर मी स्वतः करवत धरीन आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा देईन. लागू पडलं, तर या एका बरक्यातून तालुकाभर औषध जाईल."

"असा नियम आहे का?"

"नाही, सर."

"मग?"

"मग तो लिहावा लागेल. आजवर आपण एकही झाड बरं होऊ दिलं नाही, म्हणून रकाना लागला नाही."

"उद्या मी दुसरा अधिकारी पाठवेन, कोतवडेकर. तुमची जागाही त्यालाच देईन."

शौनकराव काही बोलायच्या आत बाई कट्ट्यापाशी आल्या. पदर अजून खोचलेलाच होता. "साहेब, जरूर पाठवा," त्या म्हणाल्या. "फक्त उपाशी पाठवा. मागची जखम दाखवते, जेवायला वाढते, मग त्याने काय ते ठरवावं. त्याने अंगठा दिला, तर मी शिडीवर बसलेली असेन. मला उतरवायला तुम्हाला स्वतःला यावं लागेल, आणि तुम्हालाही मी जेवल्याशिवाय सोडणार नाही."

चौगुलेसाहेबांनी एकदा टाय सैल केला. मग पडदा काळा झाला. वळणावर ट्रकने दोनदा भोंगा दिला, थोडा वेळ वाट पाहिली, आणि तो निघून गेल्याचं आम्हाला ऐकू आलं.

काप्याच्या खोडावर मेणाचं कडं चकाकत होतं आणि त्याच्या शेजारी लाल बिल्ला तसाच होता. त्या क्षणी तिथे काहीतरी बोललं जायला हवं होतं. शौनकराव झाडाला पाठ लावून उभे होते, दोन्ही हात अंगापासून दूर धरलेले, बोटं फाकलेली. सासू एका बाजूला, सासरे दुसऱ्या. उद्या नोकरी राहील की नाही ठाऊक नसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एवढं तेज मी आधी पाहिलं नव्हतं. आम्ही सगळे ते आता काय बोलतात याची वाट पाहत होतो.

"आई," ते हळूच म्हणाले, "माझा चष्मा जरा वर सरकवता का?"